माशी पकडणाऱ्या रोपाचा हिवाळा

२४ जानेवारी १७६०. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, केप फिअर नदीच्या मुखाजवळ ब्रन्सविक नावाचे एक लहान बंदर होते. नॉर्थ कॅरोलायना या ब्रिटिश वसाहतीचे गव्हर्नर आर्थर डॉब्ज तेथून लंडनमधील पीटर कॉलिन्सन यांना पत्र लिहीत होते. डॉब्ज यांनी सत्तरी गाठली होती. तरुणपणापासून त्यांना निसर्गाच्या कोड्यांचा नाद होता. मधमाश्या मध आणि मेण कसे गोळा करतात यावरचे त्यांचे निरीक्षण रॉयल सोसायटीने १७५० मध्ये छापले होते. या पत्रात त्यांनी एका अपरिचित वनस्पतीचे वर्णन केले. ती जमिनीलगत वाढते, तिच्या पानाच्या टोकाला दोन दले असतात, दलांच्या कडांना दाते असतात आणि आत काही पडले की ती झटकन मिटतात. तुलनेसाठी त्यांना कोल्हे पकडण्याचा लोखंडी सापळा आठवला.

आज आपण जिला व्हीनस फ्लायट्रॅप म्हणतो तिचे युरोपपर्यंत पोहोचलेले हे पहिले सविस्तर वर्णन. या वनस्पतीवरचे बहुतेक लेख याच पत्रापासून सुरू होतात आणि थेट डार्विनपर्यंत उडी मारतात. आजच्या धाग्यात मला मधल्या काळाकडे पाहायचे आहे, आणि तेही एका वेगळ्या प्रश्नाच्या आधाराने : हे रोप हिवाळ्यात काय करत होते?

प्रश्न किरकोळ वाटेल. पण पत्राची तारीख पुन्हा पाहा. जानेवारीत ब्रन्सविकच्या आसपासच्या दलदलीत हे रोप जवळजवळ झोपलेले असते. उन्हाळ्यातली लांब देठांची, उभी, आतून लालबुंद पाने त्या वेळी काळी पडून गळालेली असतात. त्यांच्या जागी आखूड, रुंद, जमिनीला चिकटलेली काही पाने उरतात. त्यांवर सापळे असलेच तर लहान असतात आणि डिवचले तरी मोठ्या नाखुशीने मिटतात. रोपाचा खरा जीव त्या दिवसांत मातीखाली, पानांच्या जाड बुंध्यांनी बनलेल्या पांढुरक्या कंदात असतो. साठवलेल्या अन्नावर ते तीन-चार महिने काढते. दिवस मोठे होऊ लागले आणि माती तापली की त्याच कंदातून नवी पाने वर येतात, आणि मे-जूनच्या सुमारास फुले.

ही विश्रांती त्याला चुकवता येत नाही. सतत ऊब मिळाली, तर रोप हिवाळाभर पाने काढत राहते, कंदातली पुंजी खर्चते, पुढच्या वर्षी खुरटते आणि बहुधा एक-दोन वर्षांत मरते. म्हणजे त्याला जपण्याच्या हौसेनेच त्याचा जीव जाऊ शकतो.

डॉब्ज यांना हे सारे ठाऊक होते असे म्हणण्याला आधार नाही. पण त्यांनी एक फार मोलाची गोष्ट टिपून ठेवली होती. त्याआधीच्या, २ एप्रिल १७५९ च्या पत्रात, या रोपाचा पहिला उल्लेख करतानाच त्यांनी लिहिले की ते ३४ अक्षांशावर उगवते, ३५ वर उगवत नाही. शिवाय बी जपून ठेवण्याचा प्रयत्न करीन, असेही कळवले. अक्षांशाची ही रेघ त्यांनी जरा जास्तच काटेकोर ओढली होती, पण मुद्दा अचूक होता : ही वनस्पती फार लहान प्रदेशातली आहे. आजही तिचे नैसर्गिक घर विल्मिंग्टन शहराच्या भोवतालच्या साधारण सव्वाशे किलोमीटरच्या परिसरातच आहे. आपल्याकडे ३४ अक्षांशावर श्रीनगर आहे. कॅरोलायनाचा किनारा समुद्रामुळे श्रीनगरइतका गारठत नाही, मात्र जानेवारीच्या रात्री तेथे पारा शून्याच्या जवळ जातो, अधूनमधून हिमकण पडतात आणि मग दमट, कडक उन्हाळा येतो. तो हिवाळा आणि तो उन्हाळा, दोन्ही या रोपाला लागतात.

त्या दलदलीत कोण वावरत होते, हेही लक्षात घेऊ. ब्रन्सविक बंदरातून जहाजांसाठी डांबर, राळ आणि टर्पेंटाइन जात असे. ते उंच पाइनच्या जंगलांतून काढले जाई आणि त्या कामाचा मोठा भार गुलाम केलेल्या आफ्रिकन माणसांवर होता. फ्लायट्रॅप याच पाइनच्या रानातल्या ओलसर, उघड्या पट्ट्यांत वाढते. ऋतूमागून ऋतू त्या वाटा तुडवणाऱ्या या लोकांनी ते रोप उन्हाळ्यात पाहिले असेल, हिवाळ्यातही पाहिले असेल. त्यांचे एकही पत्र लंडनला गेले नाही.

आता कॉलिन्सन यांच्याकडे वळू. हे क्वेकर पंथाचे कापडव्यापारी होते. व्यापाराच्या जाळ्यातूनच त्यांनी वनस्पतींचे जाळे विणले होते. फिलाडेल्फियाजवळचे शेतकरी-वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन बार्ट्रम त्यांना दरवर्षी बियांच्या पेट्या पाठवत आणि कॉलिन्सन त्या इंग्लंडमधील जमीनदारांना विकत. एका पेटीची किंमत पाच गिनी, आत शंभरेक जातींचे बी. कॅरोलायनाच्या या चमत्कारिक रोपाची कुणकुण लागल्यापासून कॉलिन्सन यांनी बार्ट्रम यांच्यामागे तगादा लावला : मूळ पाठवा, बी पाठवा, निदान वाळवलेला नमुना पाठवा. दोघे या रोपाला ‘टिपिटिविचेट’ म्हणत. हा शब्द तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला असावा, असे पुष्कळ काळ मानले गेले. अलीकडच्या अभ्यासकांच्या मते ती या सभ्य गृहस्थांची आपसातली जरा चावट थट्टा होती. पत्रांतला खट्याळ सूर पाहता मलाही तेच पटते.

बी पाठवणे दिसते तितके सोपे नव्हते. फ्लायट्रॅपचे बी बारीक, काळे, चकचकीत असते. ते ताजे असतानाच नीट रुजते. उबेत पडून राहिले की त्याची उगवणशक्ती लवकर घटते. अटलांटिक ओलांडायला जहाजाला कित्येक आठवडे लागत. पुढे खारे पाणी, उंदीर, बुरशी आणि युद्धाच्या काळात शत्रूची जहाजे. यातून पार पडून रुजलेल्या बीचे मोठे रोप व्हायला पुन्हा तीन-चार वर्षे. कॉलिन्सन यांच्या हाती वाळलेला नमुना आला. १७६५ मध्ये त्यांनी तसा एक नमुना जॉन एलिस यांना दिला. एलिस आणि डॅनियल सोलँडर यांनी त्याचे फूल उकलून पाहिले आणि ही नवीच प्रजाती असल्याचे ताडले. वाळलेल्या पानावरून सापळ्याची गती मात्र कशी कळणार?

जिवंत रोपे पोहोचली ती १७६८ मध्ये. ती आणणारे विल्यम यंग यांचे नाव या कथेत सहसा घाईघाईने उरकले जाते. यंग मूळचे जर्मन कुटुंबातले, फिलाडेल्फियात बार्ट्रम यांच्या शेजारात वाढलेले. १७६४ मध्ये राणी शार्लटने त्यांना आपला वनस्पतिशास्त्रज्ञ नेमले, तेव्हा आयुष्यभर खपलेल्या बार्ट्रम यांच्या गोटात बरीच जळफळ झाली. कालचा हा पोरगा राणीचा माणूस कसा झाला, असा तो सूर होता. तो समजण्यासारखा आहे. पण जे रोप गव्हर्नरांना आणि बार्ट्रम-कॉलिन्सन जोडीला जमले नव्हते, ते जिवंत लंडनला आणून दाखवले यंग यांनी. क्यूच्या राजउद्यानाची वनस्पतिसूची, विल्यम एटन यांची ‘हॉर्टस क्यूएन्सिस’, १७८९ मध्ये निघाली. तीत या रोपाच्या आगमनाचे वर्ष १७६८ आणि आणणाऱ्याचे नाव यंग असे नोंदले आहे.

यंग यांनी रोपे कशी बांधली, याचा विचार करताना मला वाटते की या वनस्पतीचा कंदच तिचा उत्तम प्रवासी अवतार आहे. पाने गेली तरी चालते; ओल्या शेवाळात गुंडाळलेला कंद गारव्यात आठवडेच्या आठवडे टिकतो. झोपलेले रोप हलवावे, जागे झाले की लावावे, हा माळ्यांचा फार जुना नियम आहे आणि गुलाबापासून द्राक्षापर्यंत सगळीकडे तो चालतो.

कॉलिन्सन ११ ऑगस्ट १७६८ रोजी वारले. त्यानंतर तीन आठवड्यांनी, सप्टेंबरच्या आरंभी, लंडनच्या ‘सेंट जेम्सेस क्रॉनिकल’ या वृत्तपत्रात एलिस यांनी या रोपाची जाहीर ओळख करून दिली. याच महिन्यात, २३ तारखेला, त्यांनी स्वीडनमध्ये कार्ल लिनियस यांना सविस्तर पत्र लिहिले. नाव ठेवले ‘डायोनिया मस्किप्युला’. डायोनिया म्हणजे डायोनीची कन्या, अर्थात व्हीनस. मस्किप्युला या शब्दाने त्यांना माशांचा सापळा सुचवायचा होता, पण लॅटिनमध्ये त्याचा अर्थ उंदराचा पिंजरा असा होतो. चूक तशीच राहिली. वनस्पतिशास्त्राच्या नियमांत अशा चुकांना दुरुस्ती नसते.

एलिस तागाचे व्यापारी होते आणि प्रवाळांवरच्या संशोधनासाठी त्यांना रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले होते. प्रवाळ ही वनस्पती नसून प्राण्यांची वस्ती आहे, हे ठसवणाऱ्यांत ते अग्रणी होते. वनस्पती आणि प्राणी यांच्या सीमेवर त्यांची नजर सरावलेली असल्यामुळेच, हे रोप माशी पकडते ते कदाचित पोटासाठी, असे म्हणण्याचे धाडस त्यांनी केले. तपशिलांत ते चुकले. पानाच्या आतले तीन-तीन केस हे किड्याला भोसकणारे काटे आहेत, असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात त्या केसांना स्पर्श झाल्यानेच सापळा मिटतो. लिनियस यांनी रोपाला निसर्गाचा चमत्कार म्हटले, पण मांसाहाराची कल्पना नाकारली. किड्याची धडपड थांबली की पान उघडते आणि तो सुटतो, अशी त्यांची मांडणी. वनस्पतीने प्राणी खाणे हे सृष्टीच्या लावून दिलेल्या क्रमाशी जुळणारे नव्हते. पुढची शंभर वर्षे वाद या एकाच मुद्द्याभोवती फिरला.

एलिस यांचे हे पत्र १७७० मध्ये एका पुस्तिकेला जोडून छापले गेले. मुख्य पुस्तिका होती पूर्वेकडील देशांतून बी आणि रोपे जिवंत कशी आणावीत याविषयीची. मला ही जोडणी अतिशय बोलकी वाटते. पुढच्या वाचकांनी मागचे पत्र उचलले आणि पुढची पुस्तिका बाजूला ठेवली. पत्रातही सगळ्यांनी सापळ्याचे वर्णन वाचले. एलिस यांनी ओघात लिहिलेले एक वाक्य मात्र क्वचितच कोणी उद्धृत करते : हे रोप कॅरोलायनातील दलदलीत वाढते, जेथे हिवाळे लहान असतात आणि उन्हाळे फार तापतात.

लहान हिवाळा म्हटले तरी तो हिवाळाच. यातला कोणता शब्द उचलायचा, यावर रोपाचे आयुष्य ठरणार होते. त्या काळच्या श्रीमंत इंग्रजी बागांत काचेखालची दोन प्रकारची घरे असत. एकाला ते ‘स्टोव्ह’ म्हणत. तिथे भट्टीच्या धुराड्यांनी आणि चामडे कमावून उरलेल्या ओकच्या सालीच्या कुजण्यातून येणाऱ्या उबेने वर्षभर उष्ण कटिबंध निर्माण केला जाई, अननस पिकवले जात. दुसरे साधे हरितगृह. तिथे संत्र्या-लिंबाची झाडे हिवाळ्यात आणून ठेवत. उद्देश इतकाच की पाणी गोठू नये. ‘उन्हाळे फार तापतात’ एवढेच वाचणारा माणूस रोप पहिल्या घरात नेईल. ‘हिवाळे लहान’ हेही वाचणारा दुसऱ्या घरात ठेवेल. पहिल्या घरात ते हिरवेगार राहील, डिसेंबरातही पाहुण्यांना माशी पकडून दाखवेल आणि वर्षा-दोन वर्षांत संपेल. दुसऱ्या घरात ते चार महिने मेल्यासारखे दिसेल. हौशी मालकाला यांतले काय आवडेल, हे सांगायला नको.

या सापळ्यात माणसे किती सहज अडकत, हे ऑर्किडच्या इतिहासावरून दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अँडीज आणि हिमालय यांच्या थंड उतारांवरून आणलेली ऑर्किड्स ‘उष्ण देशांतली’ म्हणून इंग्लंडमध्ये त्याच तापलेल्या घरांत कोंबली गेली आणि मोठ्या संख्येने मेली. देशाचे नाव वाचले, डोंगराची उंची वाचली नाही. साम्राज्याच्या नकाशावर एक प्रदेश एकाच रंगात रंगवलेला असतो; त्यातले ऋतू आणि चढउतार त्या रंगाखाली जातात.

मधल्या काळातले प्रसंग मी भराभर सांगतो. १८०४ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन यांनी विल्मिंग्टनच्या टिमथी ब्लडवर्थ यांच्याकडून फ्लायट्रॅपचे बी मिळाल्याची पोच दिली. पॅरिसमध्ये वकील असल्यापासून ते या बियांच्या शोधात होते. पुढच्या दशकात कर्बी आणि स्पेन्स या कीटकशास्त्रज्ञांनी एक नोंद छापली : लंडनच्या चेल्सी भागातले रोपवाटिकावाले नाइट यांनी फ्लायट्रॅपच्या पानांवर कच्च्या गोमांसाचे बारीक धागे ठेवले, आणि ते रोप इतरांपेक्षा अधिक जोमाने वाढले. म्हणजे विद्वानांचा वाद चालू असताना एका रोपविक्याने साधा प्रयोग करून पाहिला होता. १८३४ मध्ये विल्मिंग्टनला राहणारे धर्मोपदेशक मोझेस कर्टिस यांनी लिहिले की सापळ्यात अडकलेला किडा एका चिकट द्रवात बुडालेला आणि जणू विरघळत असलेला त्यांनी पाहिला. ते रोपाच्या गावातच राहत, त्यामुळे काचघरावर विसंबण्याची त्यांना गरज नव्हती. १८६८ मध्ये विल्यम कॅनबी यांनी गोमांस खाऊ घालून द्रवाची पाचकता दाखवली, चीज दिल्यावर पान मेल्याचेही नोंदले. कॅनबी हेही विल्मिंग्टनचेच, पण डेलावेअर राज्यातल्या. या दोन विल्मिंग्टननी मला एकदा चांगलेच फसवले आहे, तुम्ही सांभाळा.

आता डार्विन. १८६० च्या उन्हाळ्यात ससेक्समधील माळरानावर फिरताना त्यांना इंग्लंडचे स्वदेशी ड्रॉसेरा दिसले. केसांच्या टोकांवर चिकट थेंब मिरवणारे हे रोप पुढे त्यांना पंधरा वर्षे पुरले. ‘इन्सेक्टिव्होरस प्लांट्स’ हे त्यांचे पुस्तक १८७५ च्या जुलैत निघाले आणि शतकभराचा वाद मिटला. या वनस्पती कीटक पकडतात, पचवतात आणि त्यातून पोषण घेतात, हे त्यांनी एकामागून एक प्रयोगांनी सिद्ध केले. फ्लायट्रॅपला त्यांनी जगातल्या सर्वांत विलक्षण वनस्पतींपैकी एक म्हटले. त्यांची रोपे बहुतांशी काचेखाली वाढलेली होती.

या पुस्तकातले फ्लायट्रॅपवरचे प्रकरण वाचताना सुरुवातीच्याच एका परिच्छेदावर मी अडखळलो. डार्विन मुळांविषयी लिहितात. त्यांनी तपासलेल्या एका बऱ्यापैकी रोपाला साधारण इंचभर लांबीची अवघी दोन मुळे होती आणि ती एका फुगीर कंदासारख्या भागातून निघाली होती. मग ते अनुमान करतात की मुळांचे काम बहुधा केवळ पाणी शोषण्याचे असावे. पुरावा म्हणून सांगतात की हे रोप वाढवण्यात विशेष यशस्वी ठरलेला एक माळी ते मातीवाचून, पाण्याचा उत्तम निचरा होणाऱ्या ओलसर शेवाळात, झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडसारखे वाढवतो. संदर्भ १८७४ च्या ‘गार्डनर्स क्रॉनिकल’चा. पुस्तकाच्या मजकुरात त्या माळ्याचे नाव नाही.

येथे दोन गोष्टी एकत्र येतात. पहिली, तो फुगीर भाग. डार्विन यांनी तो पाहिला, मोजमापात नोंदला आणि पुढे गेले. रोप हिवाळा ज्याच्या बळावर काढते तो हाच साठा. परंतु त्यांचा प्रश्न पचनाचा होता. पान काय करते, हे त्यांना पाहायचे होते. पान नसताना रोप काय करते, हा प्रश्न त्यांच्या टेबलावर नव्हता. ड्रॉसेराही हिवाळ्यात आपली पाने टाकून एका घट्ट कळीएवढे होते, आणि ती कळी त्यांच्या देशातल्या प्रत्येक दलदलीत होती.

दुसरी गोष्ट त्या माळ्याची. प्रयोगाला रोप लागते आणि ते आधी अनेक हिवाळ्यांतून जिवंत ठेवावे लागते. १८७३ मध्ये जॉन बर्डन सँडरसन यांनी सापळा मिटताना पानातून विजेचा प्रवाह बदलतो हे दाखवले, तेही कोणाच्या तरी हातून जगलेल्या रोपांवरच. फ्लायट्रॅपचा गाजलेला सगळा इतिहास उन्हाळ्यात घडतो. चित्रे फुलोऱ्यातली, वाळवलेले नमुने फुलोऱ्यातले, प्रयोग पान सतेज असतानाचे. दप्तरखान्यालाही ऋतू असतो, हे मला या विषयाने शिकवले. जानेवारीतले रोप कोणी काढले नाही, कारण त्यात काढण्यासारखे काही दिसत नव्हते. त्या महिन्यांत कुंडीत किती पाणी ठेवायचे, काळी पडलेली पाने केव्हा खुडायची, मेलेल्या आणि झोपलेल्या रोपात फरक कसा ओळखायचा, हे ज्यांना येत होते ते लिहिणारे नव्हते. किंवा लिहिले तरी बागकामाच्या साप्ताहिकात, जे ग्रंथालयांनी विज्ञानाच्या कपाटात ठेवले नाही.

माझा स्वतःचा या प्रश्नाशी संबंध पुण्यातल्या खिडकीतून आला, हे सांगून टाकतो. एका रोपवाटिकेतून घेतलेले पहिले फ्लायट्रॅप मी वर्षभर प्रेमाने वाढवले आणि दुसऱ्या उन्हाळ्यात गमावले. पुण्याच्या जानेवारीत रात्री गार असतात, पण दुपारी ऊन तापते. रोपाला झोप लागत नाही. दुसरे रोप डिसेंबरात ओल्या शेवाळात गुंडाळून, पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात भाजीशेजारी ठेवले. घरात बरीच टिंगल झाली. फेब्रुवारीअखेर बाहेर काढल्यावर तीन आठवड्यांत त्याला हिरवे टोक आले. आज जगभर उष्ण प्रदेशांतले हौशी लोक हेच करतात.

आपल्या सह्याद्रीतल्या कीटकभक्षी वनस्पतींना अशा थंडीची गरज नसते, हेही जाता जाता. कासच्या पठारावर पावसाळ्यात दिसणारी निळी-जांभळी ‘सीतेची आसवे’ किंवा दवबिंदू म्हणून ओळखले जाणारे आपले ड्रॉसेरा बहुतेक एकाच मोसमाची असतात. जांभा वाळू लागला की रोप मरते आणि पुढच्या पावसापर्यंतचा काळ बी म्हणून काढते. त्यांचा शत्रू कोरडेपणा, फ्लायट्रॅपचा शत्रू थंडी. दोघांनी उत्तरे वेगवेगळी शोधली. त्यामुळे ‘कीटकभक्षी वनस्पतींची निगा’ अशा एका मथळ्याखाली सगळ्यांना एकच सल्ला देणारे लेख वाचले की मला अठराव्या शतकातले ते तापलेले काचघर आठवते.

डॉब्ज यांचे ब्रन्सविक आता गाव म्हणून उरलेले नाही. १७७६ मध्ये ब्रिटिश सैन्याने ते जाळले. तेथे आज पायांचे अवशेष आणि एका चर्चच्या भिंती आहेत. भोवतालचे पाइनचे रानही बरेचसे गेले. हे रान आगीवर जगते. वीज पडून किंवा मूळ रहिवाशांनी लावल्यामुळे दर काही वर्षांनी त्यातून आग जाई, झुडपे जळत, जमिनीवर ऊन पोहोचे आणि फ्लायट्रॅप आपल्या मातीखालच्या कंदातून पुन्हा वर येई. थंडीतून तारणारा कंदच आगीतूनही तारत होता. विसाव्या शतकात आगी विझवण्याचे धोरण आले, झुडपे माजली आणि रोपे सावलीत गुदमरली. आता संरक्षित वनांत मुद्दाम आगी लावल्या जातात.

चोरी हे दुसरे संकट. प्रयोगशाळेत ऊतींपासून लाखो रोपे तयार होऊ लागली तरी रानातून उपटणे थांबले नाही. १९९२ पासून या वनस्पतीचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली येतो. नॉर्थ कॅरोलायनाने १ डिसेंबर २०१४ पासून तिची चोरी हा गंभीर फौजदारी गुन्हा ठरवला. कायदा लागू होऊन महिना उलटतो न उलटतो तोच, जानेवारी २०१५ च्या पहिल्या आठवड्यात, विल्मिंग्टनच्या उत्तरेकडील हॉली शेल्टर या संरक्षित रानात चौघांना पकडण्यात आले. त्यांच्याकडे सुमारे ९७० रोपे होती.

जानेवारीचा पहिला आठवडा. गवत सुकलेले, एकही फूल नाही, पाने आखूड होऊन मातीला चिकटलेली. अशा वेळी त्या रानात उभे राहून पायाखाली फ्लायट्रॅप आहे हे ओळखणे मला तरी जमणार नाही. त्या चौघांनी जवळजवळ हजार शोधून काढली होती.